भिंतीवरचे घड्याळ उतरविण्यापूर्वी

अलीकडे शाळांच्या भिंतींवरून काट्यांची घड्याळे हळूहळू नाहीशी होत चालली आहेत. त्यांच्या जागी तांबड्या प्रकाशाचे आकडे दाखविणारी विजेची घड्याळे येत आहेत, आणि जेथे तीही नाहीत तेथे शिक्षकाच्या खिशातील मोबाइल हेच वर्गाचे घड्याळ बनले आहे. या बदलाविषयी कोणी हळहळ व्यक्त केली, की त्याला जुन्याचा मोह सुटत नाही असे म्हटले जाते. आम्हांला येथे जुन्याची कड घ्यावयाची नाही. रॉकेलचा दिवा गेला, दौत-टाक गेले. त्यांच्यासाठी आम्ही कधी शोक केला नाही. परंतु काट्यांचे घड्याळ वर्गातून उतरविण्यापूर्वी, वेळ दाखविण्याखेरीज ते तेथे आणखी कोणते काम करीत होते याचा विचार व्हावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इ. स. २०१८ मध्ये इंग्लंडातील काही शाळांनी परीक्षागृहांतील काट्यांची घड्याळे काढून तेथे आकडी घड्याळे लावल्याचे वृत्त बरेच गाजले होते. मुलांना काट्यांवरून वेळ वाचता येत नाही आणि त्यामुळे ऐन परीक्षेत त्यांचा जीव अधिकच टांगणीला लागतो, असे कारण त्या वेळी पुढे आले. आपल्याकडेही सातवी-आठवीतील विद्यार्थी भिंतीकडे पाहून घुटमळतो आणि अखेर शेजाऱ्याला वेळ विचारतो, हे दृश्य आता दुर्मिळ राहिलेले नाही. तथापि वेळ वाचता न येणे हे आमच्या मते यातील लहान नुकसान होय. ते आठ दिवसांच्या सरावाने भरून निघेल. मोठे नुकसान भूमितीच्या तासाला होते, आणि ते होत आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आमचा विषय भाषा. गणित आमच्याकडे नाही. परंतु बदली तासाला ज्या वर्गावर जावे लागेल तेथे त्या वेळचा विषय थोडाफार पाहावा, हा शाळांतील अलिखित नियम आहे. अशाच एका तासाला सहावीच्या वर्गात आम्ही फळ्यावर दोन कोन काढले. पहिल्याच्या भुजा हातभर लांब, पण कोन लहान. दुसऱ्याच्या भुजा जेमतेम वीतभर, पण कोन चांगला उघडलेला. "यांतला मोठा कोन कोणता?" असे विचारताच अर्ध्याहून अधिक वर्गाने पहिल्याकडे बोट दाखविले. ही मुले मठ्ठ होती असे मुळीच नव्हे. लघुकोन, काटकोन, विशालकोन यांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ होत्या. फळ्यावरचा मोठा कोनमापक हाती देताच पहिला कोन ३५ अंशांचा आणि दुसरा ६० अंशांचा, असे उत्तरही त्यांनी बिनचूक दिले. आणि एवढे झाल्यावर एका मुलीने उभे राहून विचारले, "पण सर, पहिलाच जास्त पसरलाय ना?"

तिचा प्रश्न आम्हांला हास्यास्पद वाटला नाही. उलट, वर्गातील बाकीच्यांनी आकडा पाहून जो प्रश्न मनातल्या मनात दडपला तो तिने उघड विचारला, याचे आम्हांला कौतुक वाटले. कोनमापकाने तिला संख्या दिली होती. ती संख्या कशाची, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

दोष काही अंशी शब्दाचाही आहे. 'कोन' म्हटले की मराठी मुलाच्या मनात कोपरा आणि कोनाडा उभा राहतो. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी तर 'कोनसो' म्हणजे कोपराच. कोपरा ही एक जागा आहे. आणि जागा म्हटली की तिच्यात किती माणसे मावतील, किती सामान राहील, हा विचार येणारच. खोलीचा कोपरा मोठा, ट्रंकेचा कोपरा लहान. ज्याच्या मनात कोन म्हणजे कोपरा असे एकदा ठसले, त्याला लांब भुजांचा कोन मोठा वाटला, तर तो आपल्या भाषेशी प्रामाणिकच राहिला म्हणावयाचे. पाठ्यपुस्तकातील आकृती त्याची ही समजूत दूर करीत नाही. तेथे दोन किरण एका बिंदूपाशी मिळून निश्चल बसलेले असतात. किरण अनंत असतो असे शेजारी छापलेले असते खरे, पण कागदावर तो दोन इंचांत संपतो, आणि मूल जे छापलेले वाचते त्यापेक्षा जे काढलेले दिसते त्यावर अधिक विश्वास ठेवते.

कोनमापकाविषयी तर आमची तक्रारच आहे. तो कंपासपेटीत असावा, पण मुलाच्या हाती तो फार लवकर येतो. त्याच्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एक डावीकडून चढत जाणारी, दुसरी उजवीकडून. त्यामुळे एकाच रेषेशी ६० आणि १२० असे दोन्ही आकडे लिहिलेले आढळतात. कोनाची कल्पना पक्की असलेले मूल कोनाकडे नुसते पाहून म्हणेल, की हा काटकोनाहून उघडच लहान आहे, तेव्हा ६० हाच आकडा खरा. ज्याची कल्पना कच्ची, ते जो आकडा आधी दिसेल तो लिहिते. उत्तरपत्रिकेत लघुकोनाशेजारी १२० अंश लिहिलेले पाहून आम्ही मुलाला 'लक्ष नाही' म्हणून बोल लावतो. वस्तुतः लक्ष भरपूर असते. तुलना करण्याची सवय नसते. तागडीत वस्तू घालण्यापूर्वी वाणी ती हातावर घेऊन अजमावतो. कोनाच्या बाबतीत ही अजमावणी आम्ही शिकवीतच नाही.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे. मिनिटकाटा बारावर आहे; तो निघतो, एकवर येतो, दोनवर येतो, तीनवर येतो. कोन म्हणजे हे फिरणे. किती जागा व्यापली हे नव्हे, टोके एकमेकांपासून किती दूर गेली हेही नव्हे. एक भुजा दुसरीपासून किती वळली, एवढेच. बारापासून तीनपर्यंत पाव फेरा, तोच काटकोन. सहापर्यंत अर्धा फेरा, तो सरळ कोन. पुन्हा बारावर आला की पूर्ण कोन, ३६० अंश. युक्लिडने कोनाची व्याख्या केली ती, एका सरळ रेषेत नसलेल्या दोन रेषांचा परस्परांकडे असलेला कल, अशी. त्यामुळे सरळ कोन त्याच्या व्याख्येत बसतच नव्हता. फिरण्याची कल्पना घेतली की ही अडचण राहत नाही. सहा वाजता दोन्ही काटे एका रेषेत उभे ठाकतात. तो कोन आहे की नाही, असा प्रश्न घड्याळ पाहणाऱ्या मुलाला पडत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत काटा अर्धी फेरी करून आलेला असतो.

घड्याळाचे दोन काटे सारख्या लांबीचे नसतात, हे तर भूमितीच्या शिक्षकाचे मोठे भाग्य होय. पुस्तकातील कोनाच्या भुजा बहुधा सारख्या काढलेल्या असतात. घड्याळ मात्र रोज सांगते की एक भुजा आखूड आणि एक लांब असली तरी कोनाचे काही बिघडत नाही. लंडनच्या संसदभवनाच्या मनोऱ्यावर जे घड्याळ आहे (त्याला सारे जग 'बिग बेन' म्हणते, वस्तुतः ते नाव आतल्या मोठ्या घंटेचे), त्याचा तासकाटा २.७ मीटर आणि मिनिटकाटा ४.२ मीटर लांब आहे. मनगटावरच्या घड्याळाचे काटे बोटाच्या पेराएवढेही नसतात. दोन्हींवर चार वाजले की कोन १२० अंशांचाच. मनोऱ्यावरचे काटे मोठे म्हणून तेथे चारऐवजी पाच वाजले, असे कोणी म्हणत नाही. सहावीच्या त्या मुलीला आम्ही नेमके हेच विचारले. फळ्यावर एक मोठे आणि एक लहान वर्तुळ काढून दोन्हींत दोनचे काटे दाखविले. ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग तिने फळ्यावरच्या आधीच्या दोन कोनांपैकी दुसऱ्याकडे बोट दाखविले. कोनमापकाने जे पटले नव्हते ते असे पटले.

एकदा हे ध्यानात आले की तुलना सोपी होते. बारा आकड्यांनी फेरीचे बारा सारखे भाग केलेले आहेत. प्रत्येक भाग ३० अंशांचा. दोनचा कोन मोठा की चारचा, हे सांगावयास अंशही लागत नाहीत. घरे मोजली की झाले. दहा वाजताचा कोन आणि दोन वाजताचा कोन सारखाच, कारण दोन्हींत मधे दोनच घरे. एक उजवीकडे उघडतो, दुसरा डावीकडे, एवढाच भेद. सात वाजता मात्र मुले अडतात. एका बाजूने मोजावे तर पाच घरे, दुसऱ्या बाजूने सात. पाच घरांचा १५० अंशांचा विशालकोन, आणि सात घरांचा २१० अंशांचा प्रविशाल कोन. पुस्तकात शेवटच्या पानावर कसाबसा उरकला जाणारा हा प्रविशाल कोन घड्याळावर रोज दिसतो. घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास उभे केलेले असतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तो कोन किती अंशांचा, हे घरी करून पाहण्यासारखे आहे. १२० हे उत्तर चूक आहे, एवढे येथे सांगून ठेवतो.

चूक का, हे साडेतीनच्या वेळी अधिक चांगले कळते. साडेतीन वाजता काट्यांत किती अंशांचा कोन असतो, असे विचारले तर बहुतेक वर्ग एका सुरात "नव्वद" म्हणतो. तासकाटा तीनवर, मिनिटकाटा सहावर, मधे तीन घरे. परंतु भिंतीवर खरे घड्याळ असेल तर कोणीतरी मान वर करून पाहतोच, आणि म्हणतो, "सर, तासकाटा तीनवर कुठे आहे?" तो तीन आणि चार यांच्या मधोमध आलेला असतो. अर्ध्या तासात तो अर्धे घर, म्हणजे १५ अंश, पुढे सरकला. म्हणून कोन ७५ अंशांचाच. साडेनऊ वाजता हेच उलट होते. तेथे तासकाटा मिनिटकाट्यापासून दूर सरकलेला असतो आणि कोन १०५ अंशांचा भरतो. आकडी घड्याळात ३.३० आणि ९.३० यांत एका आकड्याचाच फरक. काट्यांच्या घड्याळात एक लघुकोन, एक विशालकोन. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश चालतो आणि तासकाटा अर्धा अंश, हे सूत्र यानंतर सांगावे. आधी सांगितले तर तेही पाठ होईल आणि समजणार नाही.

भाषेचा शिक्षक म्हणून आणखी एका गोष्टीकडे आम्हांला लक्ष वेधावेसे वाटते. आमच्या घरी 'किती वाजले' याला 'कितलीं वरां जालीं' असे म्हणतात. 'वर' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'ओरा'पासून आला. पण पुढचे उत्तर मात्र अस्सल आपले असते. मराठीत काय आणि कोकणीत काय, थोड्याफार उच्चारभेदाने सव्वा, साडे आणि पावणे ही मापे एकच. हे शब्द घड्याळासाठी निर्माण झालेले नव्हेत. सव्वा शेर दूध आणि साडेतीन हात देह आपण घड्याळ येण्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत आलो. परंतु घड्याळाच्या तबकडीवर ते डोळ्यांना दिसू लागले. सव्वातीन म्हणजे तीननंतर मिनिटकाट्याचा पाव फेरा, एक काटकोन. साडेतीन म्हणजे अर्धा फेरा, दोन काटकोन. पावणेचार म्हणजे चार पुरे व्हावयास एक काटकोन कमी. ज्या मुलाला हे दिसते त्याला अपूर्णांक आणि कोन ही दोन प्रकरणे निराळी वाटत नाहीत. आकडी घड्याळ वाचणारा मुलगा 'तीन पंचेचाळीस' म्हणतो. त्यात चूक काही नाही. पण पावणेचारमधील 'थोडे उरले आहे' हा भाव त्याच्या बोलण्यातून गेला, आणि पाव हा कशाचा भाग, हेही त्याच्या डोळ्यांपुढून गेले. आमच्या वर्गांत आता 'पावणेचार म्हणजे किती' हा प्रश्न खरोखरच विचारावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, की घड्याळ हे परदेशी यंत्र. त्याच्याविषयी एवढी आपुलकी कशाला? त्यांना आम्ही पंचांगाकडे पाहावयास सांगू. आपल्या घरोघरी भिंतीवर जी दिनदर्शिका असते तिच्या प्रत्येक चौकोनात एक कोन लिहिलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो कोन म्हणजे तिथी. आकाशातून सूर्य आणि चंद्र हे दोन काटे एकाच दिशेने फिरत आहेत असे समजावे. सूर्याचा काटा मंद, चंद्राचा वेगवान. बारा राशी ही तबकडीवरील बारा घरे, प्रत्येक ३० अंशांचे. सूर्य एक घर ओलांडावयास महिना घेतो, चंद्र सुमारे सव्वादोन दिवस. या दोन काट्यांतील कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पुरी होते. ३० तिथींत ३६० अंश. अमावास्या संपते तेव्हा कोन शून्य, काटे एकमेकांवर. पौर्णिमा संपते तेव्हा १८० अंश, काटे समोरासमोर, जणू सहा वाजले. शुक्ल अष्टमीच्या मध्याला नेमका काटकोन. आपल्या चवथीचा चंद्र सूर्यापासून ३६ ते ४८ अंशांवर असतो.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. पण चंद्र आपली फेरी सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित अधिक काळातच पुरी करतो. मग हे वरचे दोन दिवस कोठून आले? याचे उत्तर भिंतीवरच्या घड्याळाजवळ आहे. बारा वाजता दोन्ही काटे एकत्र असतात. एका तासाने मिनिटकाटा फेरी पुरी करून बारावर परत येतो, पण तासकाटा तेथे नसतो. तो एकवर जाऊन पोचलेला असतो. त्याला गाठावयास मिनिटकाट्याला आणखी ५ ५/११ मिनिटे धावावे लागते. तेवढ्यात चंद्राचेही असेच होते. तो फेरी करून येतो तो सूर्य जवळजवळ एक घर पुढे सरकलेला. म्हणूनच १२ तासांत काटे १२ वेळा भेटत नाहीत, ११ वेळाच भेटतात. ज्याने हे घड्याळावर पाहिले, त्याला आकाशातील ही घडामोड एका वाक्यात सांगता येते. आकड्यांच्या घड्याळाला हे जन्मात सांगता येणार नाही.

मुलांनी हा कोन प्रत्यक्ष पाहावा. भाद्रपदातील चवथीला चंद्र पाहू नये असा संकेत आहे, आणि त्या दिवसांत ढगही असतात. तेव्हा पावसाळा सरल्यावर एखादी शुक्ल अष्टमी धरावी. सूर्य मावळावयास टेकला की अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. एक हात सूर्याकडे करावा, एक चंद्राकडे. दोन हातांत जो कोन होईल तो काटकोन. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार. म्हणजे या कोनाची एक भुजा दुसरीच्या सुमारे ३९० पट लांब. तरी कोन तो कोनच. फळ्यावरच्या हातभर आणि वीतभर भुजांचा घोळ यानंतर ज्याच्या मनात राहील असे मूल आम्हांला भेटावयाचे आहे.

आमचे गणिताचे सहकारी या सर्वांवर तीन आक्षेप घेतात, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा, की सर्वच कोन फिरत नाहीत. पुस्तकाच्या पानाचा कोपरा फिरत नाही. कौलारू छपराचे वासे एकदा बसविले की हलत नाहीत. मुलाने कोन म्हणजे फिरणे एवढेच धरले तर निश्चल वस्तूंतील कोन त्याला ओळखता येणार नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणून घड्याळानंतर दाराकडे यावे. दार किती उघडले, हे फिरणे होय. आणि अर्धवट उघडे ठेवून त्याला अडसर लावला, तर तोच थांबलेला कोन. छपराचा उतार म्हणजे आडवा वासा एका टोकाशी धरून जेवढा वर उचलला असता तेवढे वळण. थांबलेल्या कोनात फिरणे कसे पाहावे, हे शिकविता येते. फिरणे कधी न पाहिलेल्याला ते शिकविणे कठीण.

दुसरा आक्षेप दिशेचा. पुढील इयत्तांत कोन मोजताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशा धन मानतात. मग सुरुवातच उलटी का करावी? आम्ही म्हणतो, लहान-मोठे ठरविताना दिशेचे काम पडत नाही. देवाला आपण प्रदक्षिणा घालतो ती घड्याळाच्या दिशेने; उत्तर गोलार्धातील सूर्यघटिकेवर सावली फिरते तीही त्याच दिशेने, आणि घड्याळाने ती तेथूनच उचलली. सव्य आणि अपसव्य हे शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. अपसव्य फिरण्याचे प्रकरण जेव्हा येईल तेव्हा मूल घड्याळाशी ताडून पाहूनच ते समजून घेईल.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत बळकट वाटतो. घड्याळात दोन्ही काटे एकदम हलतात, आणि नवशिक्या मुलाला काय कशाच्या मानाने फिरले हे कळत नाही. यावर आमचे उत्तर एवढेच, की प्रथम एकच काटा दाखवावा. पुठ्ठ्याच्या तबकडीवर एक भुजा बारावर चिकटवून ठेवावी, आणि टाचणीने बसविलेली दुसरी फिरवावी. साडेतीनचा घोळ आठ-पंधरा दिवसांनी घालावा. घाई केली तर आक्षेप खरा ठरेल.

आकडी घड्याळाचे आम्ही शत्रू नाही. रेल्वेच्या फलाटावर, प्रयोगशाळेत, शर्यतीच्या मैदानावर तेच हवे. सेकंदाचा शंभरावा भाग काट्यांनी कोण वाचणार? शाळेच्या कार्यालयात ते खुशाल असावे. पण पाचवी ते सातवीच्या वर्गांत मुलांच्या डोळ्यांसमोर काट्यांचे घड्याळ असलेच पाहिजे, आणि कोनमापक पेटीतून बाहेर निघण्यापूर्वी कोनाचे निदान चार तास त्या घड्याळाखाली व्हावेत, एवढी आमची मागणी आहे. खर्चाचे कारण कोणी सांगू नये. घराघरांत बंद पडलेली घड्याळे असतात. चालू घड्याळापेक्षा ती या कामी अधिक सोयीची. सेल काढून ठेवावा आणि मागची कळ मुलाच्या हाती द्यावी. कळ फिरविली की दोन्ही काटे आपल्या प्रमाणात फिरतात, आणि तासकाटा किती आळशी आहे हे मुलाच्या बोटांनाच कळते. शाळेत आलेल्या अशा घड्याळांना भंगारात न घालता वर्गावर्गांत वाटावे. परीक्षेत या कोनांवर गुण ठेवले नाहीत तरी चालेल. किंबहुना न ठेवले तर बरे.

विद्यार्थिमित्रांनी येत्या सत्रात एक गोष्ट स्वतः करून पाहावी. सकाळी आठपासून दुपारी दीडपर्यंतच्या वेळात घड्याळाचे काटे १० वेळा काटकोन करतात, सुमारे दर ३३ मिनिटांनी एकदा. यांपैकी एकच बरोबर खुणेवर पडतो, तो नऊ वाजता. बाकीचे नऊ मिनिटांच्या मधेच कोठेतरी होतात. पहिला आठ वाजून सत्तावीस मिनिटे होताच टिपता येईल. शेवटच्यासाठी एक वाजून एकवीस मिनिटांनंतर भिंतीवर नजर ठेवावी. उरलेल्या सातांच्या वेळा आधी वहीत काढाव्यात आणि मग वर पाहून पडताळून घ्याव्यात. तास चालू असेल तर शिक्षकांची परवानगी मात्र घ्यावी.